पान उघडत नाही : ब्राउझरमधील एरर मेसेजचा इतिहास

ब्राउझरमध्ये एखादे पान उघडले नाही, तर बिघाड तीनपैकी एका ठिकाणी असतो : घरच्या संगणकात, वाटेत किंवा पलीकडच्या सर्व्हरवर. पडद्यावर उमटणाऱ्या एरर मेसेजचे खरे काम यांतले नेमके ठिकाण सांगणे हे आहे. गेल्या तीसहून अधिक वर्षांत ब्राउझरांनी हे काम कधी चोख केले, कधी अर्धवट केले, आणि मधल्या काही वर्षांत तर उत्तर हाताशी असूनही ते घरच्या माणसापर्यंत नीट पोहोचू दिले नाही.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० मध्ये पहिला ब्राउझर लिहिला. पाने मागण्या-पाठवण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी. त्या वेळच्या एचटीटीपीमध्ये एररसाठी वेगळी सोयच नव्हती. पान मागितले की सर्व्हर मजकूर पाठवी. पान नसेल तर तसे सांगणारा मजकूरही त्याच वाटेने येई. मागितलेले पान कोणते आणि दिलगिरीचे पान कोणते, हे ब्राउझरला कळायला मार्ग नव्हता. ते वाचणाऱ्यानेच ओळखायचे. १९९२ च्या मसुद्यात तीन आकडी संकेत आले आणि ही उणीव भरून निघाली. मे १९९६ मध्ये आरएफसी १९४५ या दस्तऐवजात ते पक्के झाले.

आकड्यांची ही रीत जुनी होती. फाइल पाठवण्याच्या एफटीपीमध्ये आणि ईमेलच्या एसएमटीपीमध्ये असेच तीन आकडी जबाब असत. तिथे ४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे तात्पुरते अपयश आणि ५ ने सुरू होणारा म्हणजे कायमचे. वेबने आकडे घेतले, पण अर्थ बदलला : ४ म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूची चूक, ५ म्हणजे सर्व्हरच्या बाजूची. हा बदल फार मोलाचा ठरला. ४०४ दिसला की पत्ता तपासायचा, ५०० किंवा ५०३ दिसला की घरी काही न करता थांबायचे, एवढा निवाडा पहिल्या अंकावरून होऊ लागला. सर्नमध्ये ४०४ क्रमांकाची खोली होती आणि तिच्यावरून हा आकडा आला, ही गोष्ट अजून सांगितली जाते. बर्नर्स-ली यांचे सहकारी रॉबर्ट कायो यांनी ती साफ खोटी ठरवली आहे. ४०० पासून सुरू झालेल्या यादीत ‘सापडले नाही’ हा संकेत पाचवा होता, इतकेच.

मात्र हे आकडे सर्व्हरपर्यंत पोहोचल्यावरच मिळतात. सर्व्हरच सापडला नाही, तर बोलायचे ब्राउझरने स्वतः. साइटचे नाव आणि तिचा आकडी पत्ता यांची सांगड घालणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये उभी केली. नाव चुकले किंवा डीएनएसचा सर्व्हर गप्प राहिला, की नेटस्केप हा ब्राउझर एक छोटी चौकट उघडून या सर्व्हरची डीएनएस नोंद नाही, नाव तपासून पुन्हा प्रयत्न करा, असे सांगे. भाषा रूक्ष होती, पण ठिकाण अचूक होते.

भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. स्वस्तातल्या शेल खात्यावर चित्रे दिसत नसत. लिंक्स या अक्षरी ब्राउझरवर काम चाले. विंडोज ९५ आणि ९८ च्या काळात मुंबई-पुण्याच्या घरांत एररचा पहिला परिचय ब्राउझरच्याही आधी, डायल-अपच्या चौकटीत होई. ६८० म्हणजे फोनला डायलटोन नाही. ६७८ म्हणजे पलीकडून मोडेमचा प्रतिसाद नाही. ६९१ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. हे तिन्ही आकडे अगदी उपयोगी होते, कारण प्रत्येकावरचा उपाय वेगळा आणि सरळ होता : वायर तपासा, पुन्हा फिरवा, पासवर्ड नीट टाइप करा. अडचण पुढे येई. आतल्या खोलीत कुणी पॅरलल फोनचा रिसीव्हर उचलला की जोडणी तुटे, आणि ब्राउझर ‘ऑफलाइन काम करायचे का’ असे विचारी. घाईत त्याला होकार दिला, तर फाइल मेनूत ‘वर्क ऑफलाइन’वर खूण होऊन बसे. त्यानंतर लाइन उत्तम चालत असली तरी एकही नवे पान उघडत नसे. ती खूण काढणे हा एका क्लिकचा उपाय होता, पण तो पडद्यावर कुठेही लिहिलेला नसल्याने मोडेम बदलण्यापर्यंत मजल जाई.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ५ ने चौकटींऐवजी पानभर मजकूर दाखवायला सुरुवात केली. ‘पान दाखवता येत नाही’ हे मोठे शीर्षक, खाली रिफ्रेश दाबा, पत्त्याचे स्पेलिंग बघा, टूल्स मेनूत जाऊन कनेक्शनची सेटिंग तपासा अशी सूचनांची रांग, आणि सगळ्यात तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ : ‘सर्व्हर सापडत नाही किंवा डीएनएस एरर’. कामाची ओळ ती एकच होती, आणि बहुतेकांची नजर तिथवर पोहोचतच नसे. सर्व्हरकडून आलेले ४०४ किंवा ५०० चे पान ५१२ बाइटपेक्षा लहान असेल, तर हा ब्राउझर ते बाजूला सारून स्वतःचे ‘मैत्रीपूर्ण’ पान दाखवी. त्यामुळे साइटच्या मालकाने लिहिलेले नेमके कारण वाचकाला दिसेनासे झाले, आणि प्रोग्रामर आपली एररची पाने निरर्थक मजकुराने फुगवू लागले. नवख्याला धीर देण्याचा हेतू चांगला होता, पण सगळ्या बिघाडांना एकच चेहरा दिल्याने निदान अवघड झाले. जाणकार मंडळी ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये जाऊन ही सोय आधी बंद करत, हे समर्थनीयच होते.

त्याच काळात विंडोजची दुसरी एक चौकट ब्राउझर बंद पाडताना ‘या प्रोग्रामने बेकायदा कृती केली आहे’ असे जाहीर करी. आपल्या हातून गुन्हा घडला की काय, अशी धास्ती त्या वाक्याने अनेक घरांत घातली. मेरीलँड विद्यापीठाचे बेन श्नायडरमन यांनी १९८२ मध्येच लिहून ठेवले होते की, संगणकाच्या संदेशात धमकीवजा शब्द नसावेत, दोषारोप नसावा, आणि पुढे काय करावे हे नेमके सांगितलेले असावे. सतरा वर्षांनंतरही त्या सल्ल्याला घरचा संगणक पारखा होता.

एरर मेसेज नाहीसा केला की काय होते, याचा मोठा धडा २००३ मध्ये मिळाला. डॉट कॉम आणि डॉट नेट या नावांची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइनने १५ सप्टेंबरपासून, नोंद नसलेले कोणतेही नाव टाइप केले तरी वाचक आपल्या ‘साइट फाइंडर’वर पोहोचेल अशी व्यवस्था केली. ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हे उत्तरच डीएनएसमधून गायब झाले. त्या उत्तरावर विसंबून स्पॅम गाळणाऱ्या यंत्रणा कोलमडल्या, आणि इंटरनेटवरील नावांचा कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या दटावणीनंतर ४ ऑक्टोबरला हा प्रकार थांबला. ‘नाही’ हे उत्तरही माहिती असते, हे तेव्हा सगळ्यांना मान्य करावे लागले.

मराठी वाचकाच्या वाट्याला एक वेगळाच बिघाड आला. वर्तमानपत्रांच्या साइट आपापले फॉन्ट वापरत. तो फॉन्ट नसला की पान बिनबोभाट उघडे, एररही दिसत नसे, आणि मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा काला समोर येई. अक्षरांना सर्वत्र एकच संकेत देणारे युनिकोड आल्यावरही विंडोज एक्सपीमध्ये ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करून मूळ सीडी घालावी लागे, नाहीतर काने-मात्रा आणि जोडाक्षरे विस्कटलेली दिसत.

२००५ च्या जानेवारीत बीएसएनएल आणि एमटीएनएलचे ब्रॉडबँड आले आणि तपासणीची जागा मोडेम-राउटरच्या दिव्यांकडे सरकली. नोव्हेंबर २००५ मधल्या फायरफॉक्स १.५ ने चौकटी सोडून बिघाडागणिक वेगळी पाने दिली : सर्व्हर सापडला नाही, जोडणी नाकारली गेली, वेळ संपली. घरी करायची परीक्षाही साधी ठरली. आकडी पत्त्याला पिंग केल्यावर (म्हणजे उत्तर मागणारा छोटा संदेश पाठवल्यावर) उत्तर येते पण नावाला येत नाही, तर दोष डीएनएसचा. दोन्हींना येत नाही, तर जोडणीचा. गूगलने डिसेंबर २००९ मध्ये ८.८.८.८ हा सार्वजनिक डीएनएस सुरू केल्यावर याच पत्त्याला पिंग करण्याचा प्रघात पडला. तरी वाटेतला दोष ओळखणे कठीणच राहिले. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबल तुटल्या आणि भारताची क्षमता एकदम घटली. पडद्यावर मात्र दिसत होते ते नेहमीचेच ‘वेळ संपली’.

साइटची ओळख पटवणाऱ्या सुरक्षा प्रमाणपत्राच्या एररचे मूळ पुष्कळदा घरातच निघते. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपला, की यंत्र बंद केल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. प्रमाणपत्राला ठरावीक मुदत असते, त्यामुळे अशा यंत्राला ते अजून लागूच झालेले नाही असे वाटते, आणि बँकेपासून ईमेलपर्यंत सगळ्या साइट एकदम धोक्याचा इशारा देतात. इंटरनेट एक्सप्लोरर ६ अशा वेळी ‘पुढे जायचे का’ असे विचारी आणि लोक सवयीने ‘होय’ दाबत. २००६ मधल्या आवृत्ती ७ ने आणि २००८ मधल्या फायरफॉक्स ३ ने वाट अडवणारे पूर्ण पान आणले. पुढे क्रोमने यंत्राचे घड्याळ मागे पडले आहे असे थेट सांगायला सुरुवात केली. इतके नेमके बोलणारा एरर मेसेज विरळा.

काही पाने मुद्दाम रोखलेली असतात. जुलै २००६ मध्ये भारत सरकारने मोजकी पाने बंद करायला सांगितली, तेव्हा इंटरनेट कंपन्यांनी ब्लॉगस्पॉटसारख्या आख्ख्या साइटच बंद केल्या, आणि निरपराध ब्लॉगच्या वाचकांना त्यामागचे कारण कळले नाही. कायदेशीर कारणाने रोखलेल्या पानासाठी टिम ब्रे यांच्या पुढाकाराने ४५१ हा संकेत फेब्रुवारी २०१६ मध्ये आरएफसी ७७२५ म्हणून आला. त्याचा आकडा रे ब्रॅडबरी यांच्या ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीवरून घेतला आहे.

आजचे क्रोम आणि फायरफॉक्स साधे वाक्य वर आणि तांत्रिक संकेत खाली दाखवतात. वाक्य घरच्या माणसासाठी, संकेत शोधायला आणि दुरुस्तीवाल्याला कळवायला. आजवरची हीच रचना सर्वांत प्रामाणिक आहे. इंटरनेट एक्सप्लोररची सेवा १५ जून २०२२ रोजी संपली. त्याच महिन्यात एचटीटीपीचे नियम आरएफसी ९११० म्हणून नव्याने प्रसिद्ध झाले, आणि त्यात ४०४ चा अर्थ १९९२ च्या मसुद्यात होता तोच आहे.