इंदूरचे खत आणि वऱ्हाडची पऱ्हाटी

कपाशीची वेचणी आटोपली म्हणजे नागपूर-वऱ्हाडाकडील शेतांत मागे उरते ती पऱ्हाटी. तिची वाट बहुधा ठरलेली असते. उपटावी, बांधावर रचावी आणि चुलीत जाळावी, अथवा शेतातच पेटवून द्यावी. गोठ्यातील शेणही बरेचसे गोवऱ्या होऊन त्याच चुलीकडे जाते. मग जमिनीस परत मिळते काय? हा प्रश्न ज्याने उभ्या आयुष्यात हातचा सोडला नाही, तो मनुष्य इंग्रज होता. परंतु त्याची खरी प्रयोगभूमी आपल्याच कपाशीच्या काळ्या मातीची होती.

आल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ चा. १९०५ साली ते बिहारांत पुसा येथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून आले. त्याच्या पुढच्याच वर्षी नागपूरचे कृषिमहाविद्यालय निघाले. शेतीचे पाश्चात्त्य शास्त्र या देशात मुळे धरीत होते तो हा काळ. शिकवावयास आलेल्या या गृहस्थांनी मात्र आसपासचे शेतकरी आणि पिकांवरील कीड यांनाच आपले गुरू मानले. रोग पडला की औषध शोधण्याऐवजी, या पिकाच्या पोषणात उणे काय, असे ते विचारीत. कीटकांचे खाते निराळे, रसायनाचे निराळे, वाणांचे निराळे, ही वाटणी त्यांस मानवण्यासारखी नव्हती. म्हणून १९२४ साली होळकर दरबारने दिलेल्या सुमारे ३०० एकर जमिनीवर इंदूरची वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली, तेव्हा तिचे संचालकपद त्यांनी आनंदाने पत्करले. मध्यवर्ती कापूस समितीचे द्रव्यसाह्य या संस्थेस होते, तेव्हा कपाशीचा विचार तेथे अग्रभागी असावा हे ओघानेच आले.

इंदूरची रीत सांगावयास सोपी आहे. पऱ्हाटीसारखा कठीण काडीकचरा आधी रस्त्यावर पसरावयाचा, म्हणजे गाड्यांच्या चाकांखाली तो आपोआप चिरडला जातो. (चाकांकडून फुकट काम करून घेण्याची ही युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभली असती!) मग तो जनावरांखाली अंथरावयाचा. गोठ्यात मुरूम वा फरशी न घालता माती ठेवावयाची, की मूत्र वाया न जाता तीत मुरावे. ही मूत्राची माती, शेण, राख व अंथरलेला कचरा यांचे थर ३० फूट लांब, १४ फूट रुंद व २ फूट खोल अशा खड्ड्यांत रचावयाचे, पाणी शिंपावयाचे, आणि तीन वेळा खालीवर करून सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत काढावयाचे. मिश्रणातील कर्ब व नत्र यांचे प्रमाण आरंभी ३३ ला १ च्या सुमारास राखण्यावर सर्व भिस्त होती. आपला उकिरडाही कुजतोच. पण तो कुजू दिला जातो, हा कुजविला जातो.

१९३१ साली या प्रयोगांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने दुसरे नाव आहे, यशवंत वाड यांचे. ते संस्थेत रसायनशास्त्राचे काम पाहत. हॉवर्ड त्याच वर्षी निवृत्त होऊन मायदेशी गेले, १९३४ त सर झाले, १९४० साली त्यांचा कृषिविषयक दुसरा गाजलेला ग्रंथ निघाला, आणि १९४७ त मृत्यू येईपर्यंत ते रासायनिक खतांच्या भक्तांशी भांडत राहिले. जगाने त्यांस सेंद्रिय शेतीचे जनक म्हटले. वाड मात्र इंदुरासच राहिले. वस्तीतील घाण व मैला याच रीतीने खतास लावण्याविषयीचे जॅक्सन आणि वाड यांचे पुस्तक १९३४ साली तेथूनच निघाले. इंग्रजी चरित्रांत त्यांस एखादी ओळ मिळते. मराठीत तेवढीही मिळू नये, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास खटकते.

१९३५ च्या एप्रिलात हिंदी साहित्य संमेलनाच्या निमित्ताने गांधीजी इंदुरास गेले, तेव्हा त्यांनी ही संस्था पाहिली. पुढे त्याच वर्षी 'हरिजन'मधून त्या खताची माहिती दिली. ग्रामोद्योग संघ त्या वेळी वर्ध्यास मगनवाडीत होता. अशा रीतीने इंदूरचा खड्डा नागपूरच्या शेजारी येऊन पोहोचला.

परंतु गावोगाव तो रुजला नाही. याचा दोष शेतकऱ्याच्या आळसास देण्याची आपल्याकडे सवय आहे. ती अन्यायाची आहे. खत तीनदा खालीवर करावयास माणसे लागतात, वारंवार शिंपावयास पाणी लागते. कोरडवाहू कास्तकाराजवळ उन्हाळ्यात दोहोंचाही तुटवडा. ही अडचण ओळखली ती पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून 'नाडेप' म्हणून प्रसिद्ध झालेली रीत अशी: १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच असे जाळीदार विटांचे टाके बांधावयाचे, भिंतीतील छिद्रांतून हवा आपोआप खेळते, म्हणून खालीवर करणे नको. सुमारे १४०० किलो काडीकचरा, १०० किलो शेण, १७५० किलो माती व दीडदोन हजार लिटर पाणी एकदम भरून वरून शेणमातीने लिंपले, की तीनचार महिन्यांत तीन टनांच्या आसपास खत. यांतील माती किती आणि खत किती, असे कोणी विचारील तर त्याचा प्रश्न वाजवी आहे. तथापि थोडक्या शेणात पुष्कळ कचरा कुजविता येतो, हा लाभ निर्विवाद आहे. शिवाय उरलेल्या शेणाच्या गोवऱ्या थापता येतात, म्हणजे चुलीशीही भांडण नाही.

नागपुरास १९७६ साली केंद्रीय कापूस संशोधन संस्था स्थापन झाली. गुलाबी बोंडअळीने अलीकडे जो उच्छाद मांडला आहे, त्यामुळे पऱ्हाटीचा जुना प्रश्न नव्याने पुढे आला. कारण उरल्यासुरल्या बोंडांत ही अळी सुप्तावस्थेत दबा धरून बसते, आणि बांधावरची रास म्हणजे तिचे घरच. हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून विल्हेवाट लावा, असे आता शास्त्रज्ञ सांगतात. बारीक करून कुजविणे हा त्यांतील एक मार्ग. तो करणारी यंत्रे आली आहेत, पण ती भाड्याने आणावयाची तर हंगामाअखेर कास्तकाराच्या गाठी पैसा असावा लागतो.