धुळ्याच्या संग्रहांत साष्टीचें बेट

या स्मरणिकेसाठीं कांहीं जुनें हातीं लागावें म्हणून गेल्या पावसाळ्यांत मीं धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ पाहिलें. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 31 डिसेंबर 1926 रोजीं धुळ्यासच निवर्तले. पुढल्याच वर्षीं त्यांच्या नांवें हें मंडळ स्थापन झालें. त्याच्या संग्रहालयांत हस्तलिखितें, नाणीं व मूर्ति आहेत. ज्वारी-कापसाच्या या मुलखांत माझें जन्मस्थान जें साष्टी बेट, तें मला भेटेल असें कोणास वाटेल? परंतु राजवाड्यांचे कागद पाहतांना त्यांनींच 1924 सालीं प्रसिद्ध केलेली महिकावतीची बखर आठवली, आणि मन एकदम खाडीकांठीं गेलें.

या बखरींतील जुना भाग केशवाचार्यानें सन 1448 त लिहिला. माहीम व साष्टी येथील राजे, वतनदार, गांवें यांचा तो वृत्तांत होय. 'महाराष्ट्रधर्म' हा थोर शब्द तींत आहे, आणि तो येतो मालाडच्या नायकोराव देसल्याच्या प्रसंगीं. (त्याच मालाडास आज लोकलगाडींत पाऊल ठेवण्यास जागा मिळत नाहीं!) पोर्तुगीजांस वसई व साष्टी मिळाली ती 1534 सालीं, म्हणजे त्यानंतर शाऐंशी वर्षांनीं. साष्टीच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास फिरंग्यांपासून सुरू होतो, असें आपले आणि परके दोघेही मानतात. तें खरें नव्हे. ज्यांनीं बाप्तिस्मा घेतला ते याच गांवांतील, हीच भाषा बोलणारे लोक होते.

धनी मात्र बदलत गेले. 1737 त मराठे आले. 1739 त वसई पडली तेव्हां मागें राहिलेल्या ख्रिस्ती प्रजेस धर्म पाळण्याची मुभा तहांत राखली गेली. 1774 अखेर इंग्रजांनीं साष्टी घेतली. बेटाचें बेटपण त्यांच्याच अमदानींत गेलें. 1805 त शींवचा बंधारा झाला, 1845 त माहीमचा, आणि 1853 त बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली. तीच वाट पुढें भुसावळास पोंचली. तिनेंच आपल्यांतील कांहीं कुटुंबांच्या वाडवडिलांना नोकरीसाठीं खानदेशांत आणलें. त्यांच्या नातवंडांस साष्टी हें नांवही आज ठाऊक नाहीं.

माझें घर मरोळास होतें. जवळच कोंडिविट्यास संत योहान बाप्तिस्त्याचें 1579 चें मंदिर. 1840 च्या सुमारास सांथ आली, गांव उठलें आणि उपासना मरोळास हलली. लहानपणीं वडिलांनीं त्या छप्पर नसलेल्या भिंती मला दाखविल्या होत्या. 1973 सालीं तेथें निर्यातीच्या कारखान्यांची वसाहत उभी राहिली आणि ते अवशेष तिच्या कुंपणाच्या आंत गेले. आतां मे महिन्यांत, वर्षांतून एकदां, सणाच्या मिस्सेसाठीं भाविकांस आंत सोडतात.