लाय, ले आणि आपलं पडणं-पाडणं

इंग्रजी शिकणाऱ्याच्या आणि शिकवणाऱ्याच्याही नाकीनऊ आणणारी जोडी म्हणजे 'लाय' आणि 'ले'. 'लाय' म्हणजे पडून राहणं, 'ले' म्हणजे काहीतरी खाली ठेवणं. कोंबडी अंडं घालते ते 'ले', आणि ते अंडं मग खुराड्यात पडून राहतं ते 'लाय'. इथवर ठीक. पण 'लाय'चा भूतकाळही 'ले'च! काल मांजर उन्हात पडून होतं, तरी 'ले'. आज मी पुस्तक टेबलावर ठेवतो, तरी 'ले'. पुस्तक काल ठेवलं असेल, तर मात्र 'लेड'. मग गोंधळ उडाला तर दोष विद्यार्थ्याचा कसा?

ही क्रियापदं एकाच मुळाची. चौथ्या शतकात बायबलचं भाषांतर झालं त्या गॉथिक भाषेत, म्हणजे इंग्रजीच्या चुलतघराण्यात, ती 'लिगन' आणि 'लग्यन' अशी होती. 'लग्यन'मधला 'य' प्रयोजकाचा: दुसऱ्याला पडायला लावायचं. जुन्या इंग्रजीत त्या 'य'ने आधीच्या 'अ'ला ओढून 'ए' केलं, आणि 'लिज्जन'-'लेज्जन' ही जोडी झाली. 'सिट' आणि 'सेट' यांचीही हीच गोष्ट. संस्कृतातले सीदति-सादयति हे त्यांचे सख्खे भाऊबंद. पतति-पातयति ही जोडीही त्याच रीतीने घडलेली. प्राकृतात तिचं पडइ-पाडेइ झालं आणि मराठीत पडणे-पाडणे. मरणे-मारणे, तरणे-तारणे याच घडणीचे. फुलदाणी फुटल्यावर चार वर्षांचं पोरसुद्धा "मी नाही पाडली, ती पडली" असं चोख सांगतं. व्याकरण शिकायच्या आधीच त्याला प्रयोजक वापरून सुटका करून घेता येते!

इंग्रजीत मात्र प्रत्यय झिजले आणि रूपं एकमेकांत शिरली. 'लाय'च्या जागी 'ले' ही सरमिसळ मध्ययुगापासूनची. बायरनने १८१८ साली 'चाइल्ड हॅरॉल्ड'च्या चौथ्या सर्गात यमकासाठी 'ले' खपवलं, तर बॉब डिलनने १९६९ मध्ये 'ले लेडी ले' असं गाण्याचं नावच ठेवलं. बोलताना जन्मजात इंग्रज-अमेरिकनही सर्रास तसंच बोलतात.

छापील मजकुरात आणि परीक्षेत मात्र ही सरमिसळ अजून चूकच धरतात. तेव्हा लिहिताना वर्तमानकाळात 'काय ठेवतो?' असं विचारून पाहा. उत्तर मिळालं तर 'ले', नाही तर 'लाय'. भूतकाळाची रूपं मात्र पाठच करावी लागतील.