‘बिग ॲपल’चे मूळ धनी

न्यूयॉर्कला ‘बिग ॲपल’ का म्हणतात, असे विचारले की हमखास एक चविष्ट गोष्ट ऐकायला मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी त्या शहरात ईव्ह नावाची बाई कुंटणखाना चालवीत असे, तिच्याकडच्या मुलींना गिऱ्हाइके ‘सफरचंदे’ म्हणत, आणि त्यावरून शहराला नाव पडले, अशी ती गोष्ट. दुसरी गोष्ट महामंदीतली. १९३० च्या सुमारास बेकार झालेली माणसे तिथल्या रस्त्यांवर सफरचंदे विकत, म्हणून हे नाव. सफरचंदे खरोखरच विकली जात होती. पण नाव त्याच्या आधीच छापून आले होते. ईव्हबाईच्या गोष्टीला तर त्या काळच्या कागदाचा कपटाही आधार नाही.

शब्दांच्या मुळांचा नाद मला पंचवीस-तीस वर्षांचा आहे. भाषाशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जे काही शिकलो ते कोश आणि जुनी नियतकालिके चाळून. त्यामुळे या नावाचा माग काढणारी मंडळी मला जवळची वाटतात. त्यांत जेराल्ड कोहेन हे प्राध्यापक. पण बॅरी पोपिक हे न्यूयॉर्कमध्ये गाड्यांच्या पार्किंग-दंडाच्या तक्रारींचा निवाडा करणारे न्यायाधीश होते. नोकरी सांभाळून त्यांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म पालथ्या घातल्या.

त्यांच्या हाती लागला तो ‘न्यूयॉर्क मॉर्निंग टेलिग्राफ’चा घोड्यांच्या शर्यतींवर लिहिणारा वार्ताहर, जॉन जे. फिट्झ जेराल्ड. १९२१ पासून त्याच्या मजकुरात ‘बिग ॲपल’ दिसू लागते. १८ फेब्रुवारी १९२४ च्या सदराच्या मथळ्यातच हे नाव आहे, आणि ते आपल्याला कुठे मिळाले हेही त्याने तिथे सांगून टाकले आहे. न्यू ऑर्लिन्सच्या ‘फेअर ग्राउंड्स’ या शर्यतीच्या मैदानावर दोन कृष्णवर्णीय मोतद्दार घोड्यांना फिरवून निववीत होते. इथून पुढे कुठे, असे एकाने विचारले. ‘बिग ॲपल’ला, असे दुसरा ऐटीत म्हणाला. त्यावर पहिल्याने टोमणा मारला : मग घोड्यांना जरा खायला घाला, नाहीतर त्या सफरचंदाची नुसती सालच तुमच्या वाट्याला येईल.

या टोमण्यातच शब्दाचा अर्थ दडला आहे. दक्षिणेतल्या लहानमोठ्या मैदानांवर हिंडणाऱ्या तबेल्यांच्या लेखी न्यूयॉर्कच्या शर्यती म्हणजे सर्वांत मोठी बक्षिसे. मोठे फळ ते, साल म्हणजे रिकाम्या हाताने परतणे. उत्तर देणाऱ्याला अर्थ विचारावा लागला नाही, यावरून तो शब्द तबेल्यात आधीच रुळलेला असावा, असे मला वाटते.

इथे एक आक्षेप घेता येतो. एडवर्ड मार्टिन या लेखकाने १९०९ मध्येच एका पुस्तकात न्यूयॉर्क या ‘मोठ्या सफरचंदा’कडे देशाचा जास्तीचा रस जातो, अशा आशयाचे वाक्य लिहिले होते. मग मान त्याचा का नाही? कारण तिथे तो त्या वाक्यापुरता दृष्टान्त आहे. त्यातून पुढे टोपणनाव चालू झाल्याचे दिसत नाही. फिट्झ जेराल्डपासून मात्र धागा सलग सापडतो : शर्यतीच्या बातम्या, मग १९३० च्या दशकातले जॅझ वादक, आणि १९७० च्या दशकात शहराच्या पर्यटनाची जाहिरात. सर्वांत जुना दाखला आणि मूळ या दोन गोष्टी प्रत्येक वेळी एकच नसतात.

याच्या शेजारी ‘हॉट डॉग’ ठेवून पाहावे. टॅड डॉर्गन नावाच्या व्यंगचित्रकाराने पोलो ग्राउंड्सवर पावात घातलेले गरम सॉसेज पाहिले, त्याला ‘डॅक्सहुंड’ या जर्मन कुत्र्याचे स्पेलिंग येईना, म्हणून त्याने चित्राखाली ‘हॉट डॉग’ लिहिले, अशी कथा अमेरिकेत वर्षानुवर्षे छापली गेली. पोलो ग्राउंड्सवरचे ते व्यंगचित्र कुणालाही सापडलेले नाही. उलट १८९० च्या दशकातच हा शब्द छापलेला आढळतो; येल विद्यापीठातले विद्यार्थी १८९५ मध्ये तो सर्रास वापरीत होते. सॉसेजमध्ये कुत्र्याचे मांस असते या जुन्या संशयावरची ती थट्टा होती. डॉर्गन नामांकित होता, म्हणून अनाम पोरांची थट्टा त्याच्या खात्यावर जमा झाली.

दंतकथेला एक नायक आणि एक क्षण लागतो. बोलीतले शब्द बहुधा तबेल्यात, वसतिगृहात, गाड्यावर जन्मतात. तिथल्या माणसांची नावे टिपायला कुणी बसलेले नसते. फिट्झ जेराल्डचे मोठेपण हे, की शब्द स्वतःच्या नावावर खपवणे सहज शक्य असूनही त्याने श्रेय मोतद्दारांना दिले. तरी त्यांची नावे त्यानेही लिहिली नाहीत. वर्णभेद कायद्यानेच चालत असलेल्या त्या काळच्या दक्षिणेत ती विचारावीत असे कुणाला वाटलेही नसेल.

१९९७ मध्ये न्यूयॉर्कने ब्रॉडवे आणि ५४ वा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्याला ‘बिग ॲपल कॉर्नर’ असे नाव दिले. फिट्झ जेराल्ड अखेरची अनेक वर्षे तिथे राहत होता, म्हणून हा मान त्याचा. मान योग्यच आहे. मात्र शब्दाचा इतिहास लिहिताना मी त्याचे नाव दुसऱ्या ओळीत घालतो. पहिल्या ओळीत ‘न्यू ऑर्लिन्सचे दोन मोतद्दार’ एवढेच लिहितो. नावे मिळाली नाहीत, म्हणून ती ओळ गाळणे मला पटत नाही.