जात्यापासून शेल्यापर्यंत

डोंगरीतल्या आमच्या घराच्या पडवीत जातं अजून आहे. धरून धरून खुंटा गुळगुळीत झालाय. कुणाचं लग्न ठरलं की आजी तांदूळ घेऊन बसायची, समोर शेजारीण. एकीनं मूठमूठ वैरण घालायची, दोघींनी ओढायचं. दगडाची घरघर एकसारखी झाली की ओवी यायची. माहेर, भाऊ, दर्यावर गेलेला नवरा, लहानपणीच गेलेली लेक. रडायचं तेही तेव्हाच. पीठ पडत असताना डोळे का ओले, असं कुणी विचारत नाही.

हीच ओवी आम्हा ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथातही आहे, हे मराठी शिकवायला लागल्यावर मला कळलं. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानं इंग्रज. त्यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात राशोलला छापलं गेलं. सुमारे अकरा हजार ओव्या, छपाई रोमन लिपीत, भाषा मात्र मराठी. पहिले तीन चरण यमकात बांधायचे, चौथा आखूड सोडायचा, ही घडण त्यांनी इथल्याच संतांकडून घेतली. पण त्या घडणीत त्यांनी पश्चात्ताप आणला. जात्यावर 'माझं चुकलं' असं मी कधी ऐकलं नाही. तिथे खंत असायची, नशिबाला बोल असायचा. पुराणात माणूस स्वतःकडे बोट दाखवतो. मला दोन्ही लागतात.

हेच दुःख कवितेत शोधताना दोघी कवयित्री मी नेहमी शेजारी ठेवून वाचते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी लिहायला शिकल्या नव्हत्या. त्या घरोट्यावर म्हणजे जात्यावर, शेतात गायच्या आणि मुलगा सोपानदेव उतरवून घ्यायचा. त्या गेल्या १९५१ मध्ये, पुस्तक आलं १९५२ मध्ये. इंदिरा संतांचा पहिला संग्रह 'सहवास' १९४० मध्ये नवऱ्याबरोबरचा, दोघांच्या कविता एकत्र. १९४६ मध्ये नवरा, ना. मा. संत, गेले. १९५१ चा 'शेला' त्यांच्या एकटीचा.

दोघींनाही वैधव्य लवकर आलं. बहिणाबाईंचा काळ पेरणी, कापणी, मळणीचा. दुःख कितीही मोठं असो, बैल सोडायची वेळ होतेच, म्हणून त्या आसवांनाही आवरायला सांगतात. इंदिराबाईंचा काळ पुढे सरकतच नाही. एखादी संध्याकाळ, एखादा पाऊस, तेवढ्यात तो माणूस पुन्हा येऊन जातो. त्यांना ना नशिबाला बोल लावायचाय, ना माफी मागायची आहे. प्रेम संपलेलंच नाही, तर पश्चात्ताप कशाचा? माझ्या मते मराठीत विरह इतक्या हळू आवाजात दुसऱ्या कुणी सांगितला नाही.

चक्की आली आणि पडवीतला आवाज बंद झाला. आजीच्या ओव्या कुणी उतरवून घेतल्या नाहीत, मीही नाही. आता लग्नाच्या विधीसाठी उंबराचं पाणी आणायला निघतो तेव्हा विहिरीपर्यंत बँड वाजतो. वाजू दे. पण विहिरीपाशी पाच मिनिटं त्याला थांबवा आणि म्हाताऱ्या बायकांना गाऊ द्या. एकीनं तरी वही घेऊन उभं राहावं.