नगरसूल संपलं की सरहद्द लागायची : तेरा महिन्यांच्या शेजाराची गोष्ट

आजचा एपिसोड लासूर स्टेशनवरून. मागे गाडीचा आवाज आला तर समजून घ्या, गोष्टही याच रुळांची आहे.

मनमाडहून संभाजीनगरकडे निघालात की नगरसूल लागतं, मग रोटेगाव, मग थोड्या वेळाने लासूर. आपण हेडफोन लावून डुलकी काढतो आणि हे अंतर निघून जातं. पण १९४८ च्या उन्हाळ्यात याच लाइनवर, नगरसूल आणि रोटेगावच्या मध्ये, भारत संपायचा. पुढे निजामाचं हैदराबाद. लासूर, गंगापूर, वैजापूर, सगळं पलीकडच्या बाजूला.

आणि हे फक्त नकाशावर नव्हतं बरं का. पलीकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. सात हालीला सहा कलदार, असा साधारण हिशेब. टपालाचं तिकीट निजामाचं, जकातीचा नाका म्हणजे करोडगिरी, तोही निजामाचा. रेल्वेसुद्धा त्याचीच आणि ती मीटरगेज. मनमाडला मुंबईची लाइन ब्रॉडगेज. त्यामुळे इकडून गेलेला कापूस नि धान्य मनमाडला उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचं. नव्वदच्या दशकात लाइन ब्रॉडगेज झाली, तोपर्यंत ही खूण शिल्लक होती.

आता मूळ प्रश्न. दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. आपल्याला माहीत असलेली गोष्ट छोटी आहे : रझाकारांनी छळलं, पटेलांनी फौज पाठवली, पाच दिवसांत संपलं. पण १५ ऑगस्ट १९४७ ते १७ सप्टेंबर १९४८ हे तेरा महिने होतात. एवढे दिवस दिल्ली आणि हैदराबाद काय करत होते? उत्तर आहे, बोलत होते. मग ते बोलणं फसलं का?

जैसे थे करार

इंग्रज जाताना संस्थानांवरचं त्यांचं वर्चस्व संपलं. निजाम मीर उस्मान अली खान यांनी जून १९४७ मध्येच जाहीर केलं होतं की आपण भारतातही जाणार नाही, पाकिस्तानातही नाही. राज्य मोठं, सुमारे ८२ हजार चौरस मैल, आणि चहूबाजूंनी भारत. समुद्र नाही. प्रजेत बहुसंख्य हिंदू, सत्ता मात्र निजाम आणि त्याच्या दरबाराच्या हातात.

वाटाघाटी सुरू झाल्या. निजामाच्या बाजूने छत्तारीचे नवाब आणि इंग्रज वकील वॉल्टर मॉन्क्टन, भारताकडून व्हाइसरॉयचे गव्हर्नर जनरल झालेले माउंटबॅटन आणि संस्थान खात्याचे सचिव व्ही. पी. मेनन. मसुदा तयार झाला. आणि मग २७ ऑक्टोबर १९४७ ची पहाट उजाडली. शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तेवढ्यात जमावाने त्यांची घरंच वेढली. मागे होती इत्तेहादुल मुसलमीन, आणि तिचा नेता कासीम रझवी, आपल्या लातूरचा वकील. शिष्टमंडळ निघू शकलं नाही. छत्तारींनी राजीनामा दिला.

ही घटना लक्षात ठेवा. राज्याचा पंतप्रधान दिल्लीला जाऊ शकत नाही, कारण एका सशस्त्र संघटनेला ते नको आहे. पुढचं सगळं यात आलं.

नवं शिष्टमंडळ गेलं आणि २९ नोव्हेंबर १९४७ ला करार झाला. इंग्रजांच्या काळी संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, दळणवळण यांची जी व्यवस्था होती ती वर्षभर तशीच ठेवायची. म्हणून ‘जैसे थे’. दोघांनी एकमेकांकडे एजंट जनरल ठेवायचे. भारताने कन्हैयालाल मुन्शी यांना हैदराबादला पाठवलं. आणि भारताने सिकंदराबादची आपली फौज काढून घ्यायची, तीही घेतली.

कागद एक, गाव वेगळं

करारानंतर लगेच तक्रारी सुरू झाल्या. भारताचं म्हणणं : तुम्ही भारतीय चलनावर बंदी घातली, पाकिस्तानला २० कोटी रुपयांचं कर्ज दिलं, आणि सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानं भरून शस्त्रं आणतोय. हैदराबादचं म्हणणं : तुम्ही माल अडवून आमची नाकेबंदी केलीत, आणि तुमच्या हद्दीतल्या कॅम्पांतून आमच्यावर हल्ले होतात.

खरं सांगायचं तर दोघांच्या तक्रारींत तथ्य होतं. सरहद्दीपलीकडे मुंबई प्रांतात आणि वऱ्हाडात स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते. स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात, बाहेर गोविंदभाई श्रॉफ, दिगंबरराव बिंदू यांच्यासारखे लोक चळवळ चालवत होते. ३० जानेवारी १९४८ ला नांदेड जिल्ह्यात उमरीची बँक लुटून कार्यकर्त्यांनी पैसा लढ्यासाठी नेला. पण हे कॅम्प हवेतून उगवले नव्हते. रझाकारांची जाळपोळ आणि लूट यांमुळे गावंच्या गावं सरहद्द ओलांडत होती. तिकडे तेलंगणात जमीनदारांविरुद्ध कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा पेटलेला होता. राज्य आतून फाटलं होतं.

२२ मे १९४८ ला ‘गंगापूर’ स्टेशनवर रझाकारांनी मेल गाडीवर हल्ला केला. इथे एक गोंधळ दूर करतो, कारण आपल्या ग्रुपवर तो फिरत असतो. ते आपलं गंगापूर नाही. आपल्या गंगापूरला तर रेल्वेच नाही. ते गुलबर्ग्याकडचं गाणगापूर, मुंबई-मद्रास लाइनवरचं.

जूनमध्ये शेवटचा प्रयत्न झाला. रझाकार टप्प्याटप्प्याने बंद करायचे, निजामाच्या फौजेला मर्यादा आणि विलीनीकरणाचा निर्णय सार्वमताने. माउंटबॅटन यांनी हा मसुदा बराच सैल केला होता, पटेल मोठ्या नाखुशीने तयार झाले होते. निजामाने तो नाकारला. माउंटबॅटन देश सोडून गेले.

माझं मत विचाराल तर करार फसला तो शब्दांमुळे नाही. सही करणाऱ्याच्या हातात रस्ता नव्हता म्हणून फसला. निजाम रझवीला आवरू शकत नव्हता, की आवरायचं नव्हतं, यावर इतिहासकार भांडतात. लासूरच्या शेतकऱ्याला दोन्हीचा परिणाम सारखाच.

पाच दिवस, आणि त्यानंतर

ऑगस्टमध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत शिरल्या. मुख्य तुकडी सोलापूरहून नळदुर्गमार्गे, मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखाली. दुसरी आपल्या बाजूने, मनमाडकडून दौलताबाद, औरंगाबाद, जालना. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषदेत चर्चा सुरू झाली, १७ ला इथे युद्धच संपलं. याला नाव दिलं ‘पोलीस ॲक्शन’, कारण हा आमचा घरचा मामला आहे असं जगाला सांगायचं होतं. प्रत्यक्षात रणगाडे होते, विमानं होती, आणि नंतर राज्यावर लष्करी गव्हर्नर बसला, चौधरीच.

इथे आपली गोष्ट थांबते. खरी थांबली नाही. रझाकार पळाले किंवा पकडले गेले, आणि अनेक गावांत सूड निघाला तो ज्यांनी काही केलं नव्हतं अशा मुसलमान शेजाऱ्यांवर. नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिचा अंदाज, तोही जपून केलेला, २७ ते ४० हजार मृत्यूंचा. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा इथे सर्वात वाईट. काही ठिकाणी सैनिक आणि पोलीसही सामील होते असं समितीने लिहिलं. आणि काही ठिकाणी हिंदूंनीच मुसलमानांना वाचवलं, हेही लिहिलं. तो अहवाल सरकारने छापला नाही. अनेक दशकं तो लोकांपर्यंत आलाच नाही.

मी शाळेत दहा वर्षं १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं. हा आकडा कोणी सांगितला नाही. रझाकारांचा जुलूम खोटा होता असं म्हणायला नव्हे, तो खराच होता. पण मुक्ती मिळाली हे जितकं खरं, तितकंच त्या मुक्तीची किंमत चुकीच्या माणसांनीही मोजली हे खरं. एक सांगितलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही.

एक धागा तर अगदी परवापर्यंत चालू होता. शरणागतीनंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबर १९४८ ला, हैदराबादचे सुमारे दहा लाख पौंड लंडनच्या बँकेत पाकिस्तानच्या उच्चायुक्तांच्या खात्यात वळवले गेले. निजामाने परत मागितले, बँकेने दिले नाहीत. खटला चालला. ऑक्टोबर २०१९ मध्ये निकाल लागला, भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या आसपास झाली होती. पैशांचा हिशेब एकाहत्तर वर्षांनी लागला. माणसांचा अजून लागायचाय.

तर एक काम सांगतो. घरात नव्वदीच्या आसपासचे आजी-आजोबा असतील तर फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि दोन प्रश्न विचारा. रझाकार आले तेव्हा काय झालं? आणि ‘ॲक्शन’ झाल्यावर गावातल्या शेजाऱ्यांचं काय झालं? दुसऱ्या प्रश्नाला कदाचित आधी गप्प बसतील. घाई करू नका. रेकॉर्डिंग चालू राहू द्या.

भेटू पुढच्या भागात.