पैशाचं कार्ड

खानदेशातल्या जुन्या घरांतून निघालेल्या पोस्टकार्डांना पुष्कळदा मधोमध भोक असतं. माजघरात खुंटीला तार टांगलेली असायची, वर आकडा, खाली लाकडाची चकती. कार्ड वाचून झालं की तारेत खोचायचं. संग्राहक या भोकापायी किंमत पाडतात. मला मात्र भोकाचं कार्ड अधिक मोलाचं वाटतं. कुणीतरी ते वाचलं आणि जपावं म्हणून खोचलं, याची ती खूण आहे.

पोस्टकार्ड जन्मलं ऑस्ट्रियात. दोन ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट आणि पूर्ण टपालखर्च कशाला, असा हिशेब इमान्युएल हेर्मान या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने 1869 साली मांडला आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला तिथल्या टपाल खात्याने कार्ड काढलं. हिंदुस्थानात ते 1 जुलै 1879 रोजी आलं. किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. राणी व्हिक्टोरियाचा मुखवटा कार्डावरच छापलेला, त्यामुळे वेगळं तिकीट लावायला नको.

भुसावळ तालुक्यातल्या आमच्या वरणगावच्या बाजूने भुसावळ-नागपूर रेल्वे 1867 पासून धावत होती, त्यामुळे कार्डाला वाट तयारच मिळाली. पैशात खुशाली कळू लागली, कापसाचा भाव कळू लागला. मजकूर उघडाच असे. व्यापारी मोडीत लिहीत. ज्याला अक्षरओळख नाही त्याचं कार्ड मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवी आणि ओटीवर बसलेले सगळेच ऐकत. 1922 मध्ये दर दुप्पट, अर्धा आणा झाला, तरी लोकांच्या तोंडी ते 'कार्ड'च राहिलं.

चित्रांची कार्डं नंतरची. त्यांची एक बाजू सबंध पत्त्यासाठी राखलेली असे, म्हणून निरोप चित्राच्या कडेकडेने कोंबावा लागे. ब्रिटनने 1902 मध्ये पाठीवर उभी रेघ मारून निम्मी जागा मजकुराला दिली, पुढे तीच रीत इकडेही आली. पाठ अखंड की दुभागलेली, हे पाहूनच जाणकार कार्डाचा काळ सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी म. वि. धुरंधरांनी कार्डांसाठी मुंबईची माणसं रंगवली. ती आज फार महाग जातात, आणि जायलाच हवीत.

पण आपल्या भागातल्या साध्या कार्डाचं खरं धन पत्त्यात आहे. 'मु. पो. वरणगाव, ता. भुसावळ' एवढं तेच राहतं, बदलत जाते ती पुढची ओळ. 'जिल्हा खानदेश' असेल तर कार्ड बहुधा 1906 पूर्वीचं, कारण त्या वर्षी जिल्ह्याचे दोन भाग झाले. 'पूर्व खानदेश' असेल तर त्यानंतरचं. 1960 पासून 'जि. जळगाव', आणि 1972 नंतर खाली पिनकोडाचे सहा आकडे. 'फॅक्टरी' असा शब्द आला तर 1964 मध्ये इथे दारूगोळा कारखाना उभा राहिल्यानंतरचं. अर्थात लोक जुनं नाव सहजासहजी सोडत नाहीत, म्हणून शिक्क्यावरची तारीख ताडून पाहावीच लागते.

एवढ्यासाठीच एका गोष्टीचा मला फार राग येतो. पुष्कळांनी राजाराणीच्या मुखवट्याचा चौकोन कात्रीने कापून वहीत डकवला आणि उरलेलं कार्ड फेकून दिलं. त्या चौकोनाबरोबर शिक्का अर्धा गेला, पत्ता गेला, माणूस गेला.

एक प्रकारचं कार्ड मात्र हाती लागणं कठीण. मृत्यूची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. कोपरा दिसला की वाचण्याआधीच घर समजून जाई. ते उंबऱ्याबाहेर वाचत आणि तिथेच फाडून टाकत. म्हणून तारेवर बारसं सापडतं, लग्न सापडतं, पावसाची वाट पाहणं सापडतं. प्लेगाच्या वर्षांत गावोगाव आलेली कोपरा फाटकी कार्डं त्या तारेवर कधी चढलीच नाहीत.